ऑटोकॅड उघडताच लिस्प लायब्ररी आपोआप लोड व्हावी, तर नेमकं काय करायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजले. नाशिकच्या सातपूरला तुमचं पॅनेल फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगचं ऑफिस आहे, मशीन सहा. आधीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेल्या २३ लिस्प फाइल, म्हणजे ऑटोकॅडमध्ये आपल्या कमांड ज्या भाषेत लिहितात तिच्यातल्या फाइल, तुम्ही रोज वापरता आणि रोज सकाळी ॲपलोड ही फाइल लोड करायची खिडकी उघडून त्या टाकाव्या लागतात. तिथल्याच ‘स्टार्टअप सूट’ या आपोआप लोड करायच्या यादीत टाकून पाहिल्या तर तीन मशीनवर काम झालं, पण तिथे आता प्रत्येक ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो. चौथ्या मशीनवर दर वेळी सुरक्षेची खिडकी येऊन ‘लोड करू का’ विचारते. पाचव्यावर पहिल्या ड्रॉइंगमध्ये सगळं चालतं, दुसरं उघडलं की ‘अननोन कमांड’. सहाव्यावर काहीच होत नाही. एकदाच असं काय करावं की सगळीकडे आपोआप लोड होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबडला १८ वर्षं शीट मेटल आणि पॅनेलच्या ड्रॉइंगचं काम करते. ऑफिसच्या लिस्प मीच लिहिते आणि मीच सांभाळते, त्यामुळे तुमची रोजची सकाळ मला चांगली ठाऊक आहे. आधी एक सांगते. आपोआप लोड करणं हा यातला सोपा भाग आहे, दहा मिनिटांचं काम. अवघड आहे ते हे ठरवणं, की ऑटोकॅड उघडताना काय लोड व्हायलाच हवं, काय तेव्हा नको, आणि काही लोड झालं नाही तर समोर बसलेल्या माणसाला ते कसं कळणार. हे ठरवल्याशिवाय २३च्या २३ फाइल सुरुवातीला कोंबल्या, तर आजचा त्रास जाईल आणि त्याहून वाईट त्रास येईल. तो कसा, हे माझ्याच ऑफिसात घडलेलं पुढे सांगते.

पाचव्या मशीनपासून सुरू करू, कारण तिथलं कारण कळलं की बाकीचं बरंच उलगडतं.

त्या मशीनवर कोणीतरी ‘ॲकॅड डॉट एलएसपी’ नावाच्या फाइलमध्ये लोडच्या ओळी लिहिल्या असणार. आर-१४ पर्यंत ऑटोकॅडमध्ये एका वेळी एकच ड्रॉइंग उघडायचं, तेव्हा ही फाइल पुरायची. ऑटोकॅड २००० पासून एकाच खिडकीत अनेक ड्रॉइंग उघडू लागली आणि प्रत्येक ड्रॉइंगला लिस्पचं स्वतःचं स्वतंत्र जग मिळालं. चाळीतल्या खोल्यांसारखं आहे ते. एका खोलीत सिलिंडर लावला म्हणून शेजारची शेगडी पेटत नाही. एका ड्रॉइंगमध्ये लोड केलेली कमांड दुसऱ्या ड्रॉइंगला माहीतच नसते. ‘ॲकॅड डॉट एलएसपी’ मूळ सेटिंगप्रमाणे ऑटोकॅड सुरू होताना एकदाच वाचली जाते, म्हणून तिचा फायदा फक्त पहिल्या ड्रॉइंगला होतो. ऑप्शन्समधल्या सिस्टिम टॅबवर ‘प्रत्येक ड्रॉइंगसोबत लोड करा’ अशी खूण करायची सोय आहे, पण त्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी वेगळी फाइल आधीपासून आहे, ‘ॲकॅडडॉक डॉट एलएसपी’. एसीएडी आणि पुढे डीओसी, मध्ये जागा न सोडता सगळं जोडून. ही फाइल तुम्ही स्वतः बनवायची असते आणि प्रत्येक ड्रॉइंग उघडताना ती वाचली जाते. तुम्हाला हवी आहे ती हीच.

हिच्यासारख्याच नावाची, मधे वर्षाचा आकडा असलेली एक फाइल ऑटोकॅडसोबत येते, जसं ‘ॲकॅड२०२४डॉक डॉट एलएसपी’. ती ऑटोडेस्कची आहे. तिला हात लावायचा नाही. तिच्यात लिहिलेल्या ओळी अपडेटमध्ये पुसल्या जातात, आणि तिच्यात काही बिघडलं तर ऑटोकॅडच्या स्वतःच्या काही सोयीही बंद पडतात.

कुठल्याही मशीनवर काही बदलायच्या आधी एक तपासणी करा. कमांड लाइनवर कंस उघडा, ‘फाइंडफाइल’ लिहा, एक जागा सोडून दुहेरी अवतरणचिन्हांत ‘ॲकॅडडॉक डॉट एलएसपी’ लिहा, कंस बंद करा आणि एंटर दाबा. ऑटोकॅड त्या फाइलचा पूर्ण पत्ता दाखवेल, नाहीतर ‘निल’ म्हणेल. ‘निल’ म्हणजे त्याच्या शोधाच्या वाटेवर, म्हणजे सपोर्ट पाथवर, अशी फाइल नाही. पत्ता आला आणि तो तुमच्या अपेक्षेतला नसेल, तर तिथेच दुखणं आहे. ऑटोकॅड सपोर्ट पाथमधले फोल्डर वरून खाली क्रमाने शोधतो आणि या नावाची जी पहिली फाइल भेटेल तेवढीच वाचतो. एखाद्या दुसऱ्या प्लगइनने स्वतःची ‘ॲकॅडडॉक’ वरच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवली असेल, तर तुमची फाइल कितीही नीट लिहिलेली असो, ती वाचलीच जाणार नाही. माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा गोंधळ या एका ओळीने सुटतो. सहाही मशीनवर ती चालवा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

आता स्टार्टअप सूट. ॲपलोडच्या खिडकीतली ती ब्रीफकेस वाईट नाही. एकट्या माणसाचं एकच मशीन असेल तर तेवढी पुरते. पण ती यादी त्या मशीनवरच्या त्या वापरकर्त्यापुरतीच असते. सहा मशीन म्हणजे सहा याद्या. एक फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं की सहा ठिकाणी जाऊन दुरुस्ती. शिवाय यादीतली प्रत्येक लिस्प प्रत्येक ड्रॉइंगसाठी पुन्हा लोड होते. तुमच्या २३ फाइल सर्व्हरवर असतील, तर गिऱ्हाइकाने पाठवलेलं एखादं ड्रॉइंग नुसतं डोळ्याखालून घालायला उघडलं तरी २३ वेळा नेटवर्कवर जावं लागतं. तुमच्या पहिल्या तीन मशीनचा वेग इथेच जातोय.

यावर उपाय लिस्पच्या जगात फार जुना आहे, आणि तो ऑटोकॅडमध्ये तयार आहे. त्याचं नाव ऑटोलोड. नावावरून वाटतं की ही आज्ञा फाइल आपोआप लोड करते. प्रत्यक्षात ती लोड पुढे ढकलते. ऑटोलोडला तुम्ही फाइलचं नाव आणि त्या फाइलमधल्या कमांडची यादी देता. सुरुवातीला ऑटोकॅड त्या फाइलला हातही लावत नाही, फक्त कमांडची नावं लक्षात ठेवतो. ड्राफ्ट्समनने त्यातली एखादी कमांड पहिल्यांदा टाइप केली की त्या क्षणी फाइल लोड होते आणि कमांड चालते. टाइप करणाऱ्याला यातला काहीच फरक जाणवत नाही. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग नुसतं बघायला उघडलं तर २३ पैकी एकही फाइल वाचली जात नाही.

ही युक्ती ऑटोकॅडपुरती नाही. ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्राम लिस्पवरच चालतो आणि त्यातही ऑटोलोड याच नावाने, याच कामासाठी आहे. कॉमन लिस्प ही लिस्पची दुसरी बोली एसबीसीएल या प्रोग्रामवर चालवणारे घरच्या फोल्डरमधल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये क्विकलिस्प या लायब्ररी मागवणाऱ्या सोयीच्या मोजक्या ओळी ठेवतात. त्या ओळी क्विकलिस्पची स्वतःची मांडणी तेवढी लोड करतात, बाकीच्या लायब्ररी लागतील तेव्हा मागवल्या जातात. ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडमधली लिस्प, १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये आलं ते एक्सलिस्प या छोट्या लिस्पवरून, त्यामुळे हा स्वभाव त्याच घराण्यातून आलाय. सुरुवातीची फाइल हलकी ठेवायची, ही शिस्त लिस्पवाल्यांनी अनुभवातून लावून घेतली आहे.

ऑटोलोडची मर्यादा मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या २३ फाइलपैकी काही त्यात बसणार नाहीत. ऑटोलोड फक्त कमांडसाठी चालतो, म्हणजे ज्या फंक्शनच्या नावाआधी ‘सी’ आणि विसर्गासारखे दोन टिंब असतात त्यांच्यासाठी. तुमच्या सहकाऱ्याने मदतनीस फंक्शन एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिली असतील, जसं पत्र्याच्या जाडीवरून बेंडची वजावट काढणारं फंक्शन, आणि दुसऱ्या पाच फाइल ती वापरत असतील, तर ती मदतनीस फाइल आधी लोड झालेलीच हवी. तसंच एखाद्या फाइलमध्ये रिॲक्टर असेल, म्हणजे डायमेन्शन टाकताच लेयर आपोआप बदलणं असलं काही, तर तीही सुरुवातीलाच लागेल. रिॲक्टरला कोणी नावाने हाक मारत नाही, त्यामुळे ऑटोलोड त्याला जागं करू शकत नाही. म्हणून आधी २३ फाइल उघडून तीन गठ्ठे करा: मदतनीस, रिॲक्टरवाल्या, नुसत्या कमांडच्या. माझा अंदाज आहे की तिसरा गठ्ठा सर्वांत मोठा निघेल.

गठ्ठे करतानाच एक गोष्ट बघा, एकाच नावाची कमांड दोन फाइलमध्ये आहे का. अनेक वर्षं साठत गेलेल्या लायब्ररीत हे हमखास सापडतं. जी फाइल नंतर लोड होते तिची कमांड टिकते, आणि ॲपलोडमध्ये रोज हाताने टाकताना क्रम बदलला की निकालही बदलतो. ‘काल बरोबर चाललं, आज वेगळं करतंय’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा एवढंच असतं.

आता ती घटना. २०१७ च्या पावसाळ्यातली सकाळ. रात्री लाइट गेली होती आणि सर्व्हर उशिरा चालू झाला. मुलांची मशीन आधी सुरू झाली होती, त्यामुळे नेटवर्क ड्राइव्ह जोडला गेला नव्हता. माझी तेव्हाची ‘ॲकॅडडॉक’ ४० ओळींची होती, एकाखाली एक साधी लोडची आज्ञा. त्यातली सर्व्हरवरची पहिली फाइल तिसऱ्या ओळीत होती, ती सापडली नाही, एरर आली, आणि ऑटोकॅडचा नियम असा की सुरुवातीच्या फाइलमध्ये एरर आली की तिथून पुढची सगळी फाइल सोडून दिली जाते. चौथ्या ओळीपासून काहीच लोड झालं नाही. त्यात आमची बेंड लाइनची कमांड होती. बेंडची रेघ वेगळ्या लेयरवर जावी, आणि नेस्टिंगच्या वेळी, म्हणजे पत्र्यावर भाग मांडताना, तो लेयर बंद करूनच फाइल लेझरला जावी, यासाठी ती लिहिलेली. त्या दिवशी एक नवीन मुलगा पॅनेलच्या दारांवर काम करत होता. त्याने कमांड टाइप केली, ‘अननोन कमांड’ आलं. त्याला वाटलं आपल्यालाच नाव नीट आठवत नाही. त्याने साध्या लाइनने रेघा मारल्या, कटिंगच्याच लेयरवर. कागदावर ड्रॉइंग अगदी बरोबर दिसत होतं.

संध्याकाळी कटिंगवरून फोन आला. जिथे पत्रा वाकायचा तिथे तो कापला गेला होता. दीड एमएमचा सीआरसीए पत्रा, अकरा दारं, सगळी भंगारात. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याची काही चूक नव्हती. लायब्ररी अर्धीच आली आहे हे त्याला सांगणारं माझ्या व्यवस्थेत काहीच नव्हतं, आणि ती व्यवस्था मी उभी केली होती. पत्र्याचे पैसे ऑफिसने भरले. मी त्या रविवारी बसून सुरुवातीची फाइल पुन्हा लिहिली.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते, तुम्हाला जशी पटेल तशी घ्या.

पहिलं, लिस्प सर्व्हरवरून थेट लोड करत नाही. मूळ प्रत सर्व्हरवर असते आणि तिथे लिहायचा हक्क फक्त मला आहे. मशीन सुरू होऊन लॉगिन झालं की एक छोटी बॅच फाइल रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने सर्व्हरवरच्या नव्या किंवा बदललेल्या फाइल त्या मशीनच्या सी ड्राइव्हवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये उतरवते. ती काही पुसत नाही. सर्व्हर बंद असेल तर कालची प्रत जागेवर असतेच. ऑटोकॅड फक्त सी ड्राइव्हवरच्या फोल्डरमधून वाचतो. ज्यांना सर्व्हरवरूनच लोड करायचं आहे त्यांनी निदान झेड ड्राइव्हसारखं अक्षर वापरू नये, सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्यावा. ड्राइव्हचं अक्षर मशीनगणिक बदलतं आणि जोडणी तुटते. पत्ता लिहिताना एक जुनी चूक टाळा: विंडोजची उलटी तिरकी रेघ लिस्पच्या वाक्यात एकटी चालत नाही, कारण तिथे तिला वेगळा अर्थ आहे. सुलटी तिरकी रेघ वापरा किंवा उलटी दोनदा लिहा.

दुसरं, सुरुवातीची फाइल लहान. माझी ‘ॲकॅडडॉक’ आज १९ ओळींची आहे. पहिल्या ओळीत ‘व्हीएल-लोड-कॉम’, कारण आमच्या निम्म्या लिस्पना ॲक्टिव्हएक्सची फंक्शन लागतात आणि ही ओळ नसली की ती चालत नाहीत. मग मदतनीस फाइल फाइंडफाइलने शोधणं, सापडली तर लोड, नाही सापडली तर अलर्टची खिडकी. त्या खिडकीत रोमन अक्षरांत सरळ मराठी वाक्य आहे: ‘लायब्ररी आली नाही, काम सुरू करू नका, ताईंना सांगा.’ मग रिॲक्टरची एक फाइल, तिलाही तीच वागणूक. मग ऑटोलोडच्या ओळी. आणि सगळ्यात शेवटी कमांड लाइनवर एक वाक्य छापणारी ओळ: लायब्ररी लोड झाली, अमुक तारखेची आवृत्ती.

ती शेवटची ओळ शेवटीच ठेवण्याचं कारण तुम्हाला एव्हाना कळलं असेल. वर कुठेही एरर आली तर पुढचं वाचलं जात नाही, म्हणजे ते वाक्य छापलंच जात नाही. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो ते हेच: ड्रॉइंग उघडलं की आधी खाली ते वाक्य बघ, दिसलं नाही तर हात लावू नको.

लोडच्या आज्ञेला दुसरा घटक देता येतो, हेही वापरा. फाइलच्या नावापुढे आणखी एक मजकूर दिला, तर फाइल न सापडल्यास एरर येत नाही, तो मजकूर परत मिळतो आणि पुढचं वाचन चालू राहतं. फाइल सापडली पण तिच्या आत काही बिघडलंय, अशा वेळेसाठी ‘व्हीएल-कॅच-ऑल-अप्लाय’ आहे. लोड त्याच्यातून केलं की आतली एरर पकडली जाते आणि बाहेरचं काम थांबत नाही. पण हे सावधपणे. जी फाइल नसली तरी चालतं, जसं मजकुराचं स्पेलिंग तपासणारी, तिच्यासाठी चूक गिळून पुढे जाणं ठीक. जिच्याशिवाय चुकीचा जॉब कापला जाऊ शकतो, तिच्यासाठी चूक गिळणं म्हणजे पुन्हा अकरा दारं. तिथे अलर्टच हवा. कोणती फाइल कुठल्या गटात, हे लिस्प लिहिणाऱ्यापेक्षा शॉप फ्लोअर ओळखणाऱ्याने ठरवावं. तुमच्या ऑफिसात ही दोन माणसं वेगळी असतील तर दोघांना एकत्र बसवा.

आता चौथं मशीन, सुरक्षेच्या खिडकीचं. ऑटोकॅड २०१४ पासून ‘सिक्युअरलोड’ नावाचं सेटिंग आहे. त्याची मूळ किंमत १. म्हणजे विश्वासाच्या फोल्डरमधली लिस्प मुकाट्याने लोड होते, बाहेरची असेल तर आधी विचारलं जातं. किंमत २ केली तर बाहेरची लोडच होत नाही. ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबवर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ आहे, त्यात तुमचं सी ड्राइव्हवरचं फोल्डर घाला. आत उपफोल्डर असतील तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि तीन टिंबं द्या, म्हणजे तेही धरले जातात. त्याच टॅबवर सपोर्ट पाथमध्येही तेच फोल्डर सर्वांत वर घाला. ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक एक करून दुसरं विसरतात. सपोर्ट पाथमुळे फाइल सापडते, ट्रस्टेडमुळे ती न विचारता लोड होते.

‘सिक्युअरलोड शून्य करा, कटकट संपेल’ हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. कृपया तसं करू नका. ज्या सोयीने तुमची लायब्ररी आपोआप लोड होते, त्याच सोयीने व्हायरसही लोड होतो. २०१२ मध्ये ‘मेड्रे’ नावाचा एक वर्म सापडला होता, ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला, ‘ॲकॅड डॉट एफएएस’ या फाइलच्या रूपात फिरणारा. त्याचा सर्वाधिक फैलाव पेरू देशात झाला होता आणि उघडलेली ड्रॉइंग तो ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवत होता. तुमच्या-माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग बाहेर जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आजही गिऱ्हाइकाकडून आलेल्या झिपमध्ये ड्रॉइंगच्या शेजारी ‘ॲकॅडडॉक डॉट एलएसपी’ किंवा ‘ॲकॅड डॉट एफएएस’ दिसली, तर मी ती उघडत नाही. ती बाजूला काढून ड्रॉइंग वेगळ्या फोल्डरमध्ये घेते आणि पाठवणाऱ्याला फोन करते. बहुतेक वेळा त्यांना पत्ताच नसतो की आपल्या मशीनमध्ये हे आहे. अलीकडच्या आवृत्त्या मूळ सेटिंगमध्ये ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरमधून असा कोड शोधत नाहीत, पण तुमच्याकडे एखादं मशीन जुन्या आवृत्तीवर असेल तर तिथे दुप्पट काळजी घ्या. विश्वासाच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क सगळ्यांना देऊ नका, हेही त्यातच आलं.

सहकाऱ्याच्या फाइल चाळताना आणखी एक बघा. काही फाइल लोड होतानाच काम करतात का? म्हणजे डिफन या फंक्शन लिहायच्या आज्ञेच्या बाहेर, उघड्यावर, ‘कमांड’ फंक्शन वापरून लेयर बनवणं, स्केल बदलणं, पर्ज करणं (न वापरलेल्या गोष्टी काढून टाकणं). ‘ॲकॅडडॉक’ वाचली जाते तेव्हा ड्रॉइंग पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यामुळे अशा ओळी कधी चालतात, कधी नाही. त्यांच्यासाठी ‘एस स्टार्टअप’ नावाचं फंक्शन आहे, एस आणि स्टार्टअपच्या मध्ये ती विसर्गासारखी खूण लागोपाठ दोनदा. ड्रॉइंग तयार झालं की ऑटोकॅड ते स्वतःहून चालवतो. मात्र दोन फाइलनी ते वेगवेगळं लिहिलं तर नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं. त्यामुळे ते डिफन-क्यूने लिहून, आधीचं असेल तर त्याला जोडायचं असतं.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर तिथेही काही करू नका. लायब्ररीने लोड होताना फक्त आपल्या कमांडची ओळख द्यावी, ड्रॉइंगला हात लावू नये. उघडताच लेयर बनवणारी लिस्प गिऱ्हाइकाचं मंजूर झालेलं ड्रॉइंगही बदलते. बंद करताना ‘सेव्ह करू का’ विचारलं जातं, कोणीतरी सवयीने हो म्हणतं, आणि मंजूर प्रत आणि तुमची प्रत यांत फरक पडतो. ऑफिसचे लेयर हवे असतील तर ते टेम्प्लेटमध्ये ठेवा, किंवा त्यासाठी वेगळी कमांड द्या, जी माणूस समजून-उमजून चालवेल. याबाबतीत काही ऑफिसं माझ्याशी सहमत नाहीत. जिथे फक्त स्वतःचीच ड्रॉइंग उघडली जातात तिथे सुरुवातीला लेयर बनवणं चालूनही जातं. तुम्ही जॉब वर्क करता, रोज दुसऱ्यांची ड्रॉइंग उघडता, म्हणून तुम्हाला नको म्हणते.

तुमच्या लायब्ररीला स्वतःची बटणं असतील तर एक पर्याय आणखी आहे. बटणांची जी सीयूआयएक्स फाइल असते, तिच्याच नावाची एमएनएल फाइल शेजारी ठेवली तर ती बटणांसोबत लोड होते. आणि उद्या ही लायब्ररी दुसऱ्या ऑफिसांना द्यायची झाली, तर बंडल करा. नावाच्या शेवटी ‘डॉट बंडल’ असलेलं फोल्डर, त्यात एक एक्सएमएल फाइल, आणि ते ॲप्लिकेशन प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकायचं. ऑटोकॅड २०१२ पासून हे चालतं, आणि सुरुवातीला लोड व्हायचं की कमांड दिल्यावर, हे त्या एक्सएमएलमध्येच सांगता येतं. सहा मशीनच्या एका ऑफिससाठी मला ते जास्तीचं वाटतं.

सपोर्ट पाथ आणि ट्रस्टेड फोल्डर एका मशीनवर नीट लागले की ऑप्शन्समधून प्रोफाइल एआरजी फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. नवीन आवृत्ती टाकली किंवा मशीन बदललं की हीच दोन सेटिंग हटकून हरवतात. मात्र एका आवृत्तीची प्रोफाइल दुसऱ्या आवृत्तीत घालू नका. आतले पत्ते जुन्या आवृत्तीचे असतात, त्याने वेगळेच घोळ होतात. प्रत्येक आवृत्तीसाठी एक मशीन हाताने नीट लावा आणि तिथून एक्स्पोर्ट घ्या.

राहिलं सहावं मशीन. तिथे ‘अबाउट’ उघडून बघा, ते ऑटोकॅड एलटी आहे का आणि कोणत्या सालचं. एलटीमध्ये ऑटोलिस्प आलं ते २०२४ च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या एलटीत लिस्प चालतच नाही, फाइल कुठेही ठेवा. तसं असेल तर त्या मशीनवर बसणाऱ्याला बेंड लाइन लेयर हाताने बदलून काढायला शिकवा, आणि तिथून निघालेलं प्रत्येक ड्रॉइंग कटिंगला जाण्याआधी दुसऱ्या कोणीतरी लेयर बंद-चालू करून बघावं. आणि ते ब्रिक्सकॅड निघालं तर काळजीचं कारण नाही. तिथे लिस्प चालते, फक्त सुरुवातीच्या फाइलचं नाव वेगळं, ‘ऑन-डॉक-लोड’, शब्दांमध्ये अंडरस्कोअर आणि शेवटी तेच एलएसपी. त्या नावाच्या फाइलमध्ये एकच ओळ लिहा, तुमची ‘ॲकॅडडॉक’ लोड करणारी. फाइंडफाइलची सहा उत्तरं आणि तीन गठ्ठ्यांची यादी तयार झाली की इथेच टाका, कुठली फाइल सुरुवातीला आणि कुठली ऑटोलोडला, ते एकेक करून बघू.